धबधब्याखालचं खाचर

पावसाळ्यात माझ्या दुकानात औषधं कमी आणि पत्ते जास्त विचारले जातात. लोणावळ्याच्या बाजारात माझं मेडिकल आहे. शनिवारी सकाळी शटर पुरतं वर जात नाही तोच कुणीतरी खालून वाकून विचारतं, धबधबा कुठं आहे? कुठला, असं विचारलं तर म्हणतात, तो रीलमधला. मी फार्मसी शिकले ती काही यासाठी नाही, पण सांगते. कुसगावच्या अंगाला वळा, पुढं चढ लागेल, चढ संपला की रस्त्यात बांबू आडवा दिसेल, तिथं तिकीट. मग पुढचा प्रश्न ठरलेला, तिकीट किती? आणि त्याच्या पुढचाही ठरलेला, निसर्गाला कसलं तिकीट हो? हा शेवटचा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा महागड्या कॉफीचा कप असतो. मी उलटीच्या गोळ्या पाकिटात घालते, सुटे पैसे देते आणि गप्प बसते. गप्प बसणं हा माझा स्वभाव नाही, त्यामुळे मग दिवसभर फळीवरच्या बाटल्या इकडच्या तिकडं करत राहते.

पाऊस चांगला लागून राहिला की माझा जीव थाऱ्यावर नसतो. नवरा म्हणतो, हिला जुलैचा ताप येतो, आणि त्यावर आपल्या दुकानात औषध नाही. म्हणू दे. दुकानासमोरून गाड्यांची रांग सरकत असते. काचा खाली करून पोरं-पोरी हात बाहेर काढून पाऊस झेलतात. कणसं भाजल्याचा धूर, चिक्कीच्या दुकानातला गुळाचा वास, ओल्या रेनकोटांचा कुबट वास, सगळं एकात एक मिसळून आत येतं. आणि त्यातून मला वास येतो चिखलणी केलेल्या खाचराचा. भर बाजारात कुठलं आलंय खाचर? पण येतो. मी दारात जाते, उगाच आभाळाकडं बघते, परत आत येते. गिऱ्हाईक पॅरासिटामॉल मागतं आणि मी त्याला विचारते, वर पाऊस कसा आहे हो? तो बिचारा मुंबईहून आलेला असतो.

वर म्हणजे आमच्या वाडीवर. माझं माहेर. डोंगराच्या कुशीत थोडीशी घरं, पुढं भाताची खाचरं, आणि घरांच्या मागं कड्यावरून पडणारं पाणी. आमच्या लहानपणी त्या धबधब्याला नाव नव्हतं. धबधबा असंही कुणी म्हणत नव्हतं. आम्ही म्हणायचो, पाण्याखाली. पाण्याखाली जाऊन ये म्हणजे गुरं धुऊन ये, गोधड्या आपटून आण, आवणीचा चिखल काढून ये. बघायला म्हणून तिथं कधी कुणी गेलं नाही. ते रोजचंच होतं, आणि रोजचं कोण बघतं? त्याचा आवाज मात्र पावसाळाभर घरात असायचा. जेवताना, भांडताना, अभ्यास करताना. पुढं मी शिकायला तळेगावात गेले तेव्हा पहिले काही दिवस मला झोप लागेना, आणि का ते कळायलाच वेळ लागला. तिथं पंखा होता, पाणी नव्हतं.

आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या दिवसांतल्या संध्याकाळी मला अजून दिसतात. दिवसभर वाकून रोपं लावलेल्या बायका ओळीनं पाण्याखाली जाऊन उभ्या राहायच्या. कासोटे तसेच, केस बांधलेले, गुडघ्यापर्यंत चिखल. अंगावरून पिवळं पाणी वाहायचं, मग गढूळ, मग स्वच्छ. दिवसभर बडबडणाऱ्या त्या बाया पाठीवर पाणी पडायला लागलं की एकदम गप्प व्हायच्या. डोळे मिटून नुसत्या उभ्या. मी काठावर त्यांच्या चपला सांभाळत बसलेली असायचे आणि मला वाटायचं, मोठं झाल्यावर आपल्यालाही असं थकायला मिळेल.

त्यांच्यात सगळ्यात शेवटी बाहेर यायची ती गोदाआत्या. माझ्या वडलांची धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला आणि ती परत वाडीवर आली. आजोबांनी तिला वाट्याला दिलं ते पाण्याच्या अगदी पायथ्याचं खाचर. देताना फार मोठं मन केलं असेल असं मला वाटत नाही. डोंगराची सावली, अंगावर सतत तुषार, एका बाजूनं ओढ्याची धडक. असून नसल्यासारखी जमीन. आत्यानं बांध दगडांनी भरून घेतला, इंद्रायणी लावली, आणि त्या खाचराच्या तांदळाचा वास शेजारच्या घरी जाईल अशी व्यवस्था केली. वाडीत तिचं स्वतःचं म्हणून जे काही होतं ते एवढंच. नवरा नाही, मूल नाही. एक खाचर आणि इर्जिक.

इर्जिक शहरातल्या माणसाला सांगावी लागते, म्हणून सांगते. आज सगळ्यांनी मिळून माझं शेत लावायचं, उद्या तुझं, परवा तिचं. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. ज्याचं शेत त्यानं जेवायला घालायचं, आणि ज्यांच्या घरची माणसं आपल्याकडं आली त्यांच्या शेतात आपण जायचं. बस्स. वाकणं सगळ्यांचंच सारखं, त्यामुळे आवणीच्या दिवसांत आत्या एकटी आहे हे कुणाच्या लक्षातही येत नसे. तिच्याही नसावं. ती सगळ्यांच्या बांधावर जायची आणि सगळे तिच्या. वर्षाचे बाकीचे महिने ती जरा घुमी असायची, आवणी आली की तिला कंठ फुटायचा.

मग हळूहळू लोक यायला लागले. आधी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर गर्दी मावेना म्हणून चुकून वर आलेले. मग मुद्दाम आलेले. मग रीलमधला पत्ता शोधत आलेले. पाण्याकडं जायची वाट आत्याच्या बांधावरून होती. एका माणसाच्या पावलाचा बांध तो, त्यावरून जत्रा चालली. बांध खचायचा, खाचरातलं पाणी निघून जायचं, आत्या परत चिखल थापायची. बाटल्या फुटायच्या, त्या ओढ्यातून वाहत खाचरात यायच्या. एका आवणीत काच तिच्या तळपायात घुसली. ती पाय ओढत माझ्या दुकानात आली, मी जखम धुतली, पट्टी बांधली, आणि त्या लोकांना शिव्या घालत बसले. आत्याला त्याचं काही नव्हतं.

"पायाचं काय न्हाई गं," ती म्हणाली, "पन परवा शेजारनीची इर्जिक हाय. ती माझ्याकडं येऊन गेलीय."

मी तिला पाय भिजवायचा नाही म्हणून बजावलं. ती पायाला दुधाची पिशवी बांधून चिखलात उतरली, हे मला नंतर कळलं.

म्हणून तिकीट बसलं तेव्हा मी तरी त्याला नावं ठेवली नाहीत. आजही ठेवत नाही. दत्ता, माझा भाऊ, हॉटेलातली नोकरी सोडून वाडीवर परत आला होता. त्यानं चार जणांना धरून समिती केली, रस्त्यात बांबू आडवा टाकला, पत्र्याची शेड उभारली, प्रवेश शुल्काचा फलक लावला. त्या पैशातून कठडे आले, कचऱ्याचे डबे आले, बायकांसाठी संडास आला. बाटल्या बांबूपाशीच काढून घेऊ लागले. तिकिटाच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनी एकदा अनवाणी त्या खाचरात उतरून दाखवावं, मग बोलू.

पण एक गंमत झाली, आणि तेव्हा ती कुणाच्या ध्यानात आली नाही. बांबूवर रोज बसायचं कुणी, यावर बैठक झाली. नोकर ठेवायचा नव्हता. पाळी लावायची कशी? शेवटी सगळ्यांनी मिळून तेच ठरवलं जे त्यांना येत होतं. इर्जिकीचाच क्रम लावला. वरच्या घरापासून खालच्या घरापर्यंत, एकेका घराला एकेक दिवस. पिढ्यान् पिढ्या चालत आलेला क्रम, त्यात भांडण नाही. फक्त एवढंच विसरलं की धबधबा काही उन्हाळ्यात पडत नाही. जे आवणीचे दिवस तेच पर्यटकांचे. ज्या दिवशी एखाद्या घरचं शेत लावायचं, त्याच दिवशी त्या घरानं बांबूवर बसायचं. उरलेले भज्यांच्या गाड्यावर, कणसांपाशी, गाड्या लावून घ्यायला. रोपं तर लावायलाच हवीत. मग ज्याला जमेल तसे त्यानं बाहेरून मजूर आणले, रोख पैसे दिले, शेतं लावून टाकली. इर्जिक बंद करू या असं कुणी म्हटलं नाही. कुणी एकमेकाला बोलवायला गेलं नाही, एवढंच.

सगळ्यांची शेतं लागली. आत्याचं राहिलं. तिनं चिखलणी करून ठेवली होती, रोपं तयार होती, आणि ती रोज सकाळी उंबऱ्यात बसून वाट बघत होती. मी दुकान सोडून दोनदा वर गेले. रोप निबर व्हायला लागलं होतं, पात्यांची टोकं पिवळी पडत चालली होती. अशी रोपं वेळेत लावली नाहीत तर मग लावून उपयोग नसतो. दत्ता माझ्यासमोर तिला म्हणाला, आत्या, मजूर लाव, पैसे मी देतो. आणि या वर्षी नकोच असेल तर राहू दे पडीक. आपण तिथं मुरूम टाकू, गाड्या लावू, भाडं सगळं तुला. तुला वाकायला नको की भिजायला नको. दत्ता वाईट नाही. आत्याची पाठ त्यालाही दिसत होती, आणि गाड्या लावायला जागा नाही हेही खरं होतं. पण मुरूम पडला की ते खाचर परत खाचर होणार नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आत्यानं रोपाचं एक पिवळं पातं खुडलं. मग म्हणाली, "मजूर लावला तर मला कोन बोलवील? मी कुनाच्या बांधावर जाऊ?"

दत्ता उठून बांबूकडं गेला. मी दुकानात परत आले आणि त्या रात्री मला घरात बसवेना. नवऱ्यानं विचारलं, काय शोधतेयस? मी काहीच शोधत नव्हते, नुसती खोल्यांमधून फिरत होते.

बांबूवरची आत्याची पाळी आली तेव्हा मी तिच्या सोबतीला गेले. दुकान नवऱ्यावर टाकलं. आत्याची तिकिटं फाडायची पद्धत बघून मला हसू आवरेना. ती आधी प्रत्येकाला विचारायची, कुटलं गाव? बाई असेल तर, माहेर कुटलं? कुनाची तू? उत्तर मिळेपर्यंत तिकीट नाही. मागं गाड्या हॉर्न वाजवतायत, आणि ही एका पोरीच्या आजोळची चौकशी करतेय. पोरं हसायची, कुणी कुणी खरंच सांगायची. तिच्या दृष्टीनं ती दारात आलेली माणसं होती. दारात आलेल्या माणसाला कोण तू हे न विचारता आत सोडायचं, ते कसं?

त्या दिवशी चिंचवडहून एका भिशीच्या बायका आल्या होत्या. भाड्याची जीप, सगळ्या चाळिशी-पन्नाशीच्या, कुणी साडीत, कुणी लेगिंगमध्ये. त्यांच्या म्होरक्या होत्या मंदाताई. जाडजूड, पिवळा रेनकोट, आवाज खणखणीत. आत्यानं विचारलं, कुनाची तू? तेव्हा त्या हसून म्हणाल्या, मी भोरच्या पलीकडची, धोंडूआबांची मंदी. नवऱ्याचं नाव नाही सांगितलं, बापाचं सांगितलं, आणि आत्या खूश झाली. तिकिटं फाटली, बायका शेडपासून थोड्या पुढं गेल्या असतील नसतील, तोच वर ढग फुटल्यासारखा पाऊस आला. पाण्याचा रंग चहासारखा झाला. दत्तानं धावत जाऊन आत्याच्या खाचराच्या वरच्या अंगाला दोरी बांधली आणि पाण्याकडची वाट बंद केली. खालून पोलिसांचाही निरोप आला, कुणाला सोडू नका.

मग जो गोंधळ व्हायचा तो झाला. तिकिटाचे पैसे परत द्या, आम्ही एवढ्या लांबून आलो, तुम्ही लुटायला बसलात. लोक ओरडले आणि कंटाळून गेले. भिशीच्या बायकांचा जीपवाला जेवायला खाली गेला होता, त्यामुळे त्या शेडमध्येच अडकल्या. शेडच्या मागं आत्याच्या रोपांचा वाफा होता. मंदाताई त्याच्याकडं बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी खाली बसून एक रोप उपटलं, मुळं झटकली, बोटांत फिरवून बघितलं.

"रोप निबर झालंय की हो, मावशी," त्या म्हणाल्या. "लावत का नाही?"

"हात न्हाईत," आत्या म्हणाली.

एवढंच बोलणं झालं. मंदाताईंनी रेनकोट काढून खिळ्याला अडकवला, सँडल काढल्या आणि बायकांना म्हणाल्या, चला, बघायला तर काही मिळत नाही, भिजू तरी. त्यांच्यातल्या दोघींना भात लावायचं ठाऊक होतं, माहेरी लावलेलं. बाकीच्यांनी आयुष्यात चिखलात पाय घातला नव्हता. एक म्हणाली, माझी नखं आत्ताच रंगवलीत, आणि सगळ्यांच्या आधी तीच उतरली. आत्या मधोमध उभी राहून दाखवत होती, चिमटीत धरायचं, खोल न्हाई दाबायचं, मागं मागं सरकायचं. ओळी वाकड्या गेल्या. एकीनं रोपं इतकी आत खोचली की ती दिसेनाशी झाली. पाय अडकले, बायका बसल्या, हसल्या, एकमेकींना ओढून काढलं. वरून पाऊस आणि बाजूनं धबधब्याचे तुषार. जो बघायला तिकीट काढलं तो कोसळत होता त्यांच्या पाठीमागं, आणि एकीनंही मान वर करून त्याच्याकडं बघितलं नाही. मीही साडी खोचली. किती वर्षांनी माझी पाठ दुखली, आणि ते दुखणं मला इतकं आवडलं की मी कुणाला सांगितलं नाही.

आत्याला मधेच आठवलं, इर्जिकीला जेवण पाहिजे. ती कावरीबावरी झाली. खेकड्यांचं कालवण पाहिजे, सुकट पाहिजे, घरात काही तयार नाही. शेवटी दत्तानं आपल्या गाड्यावरची कांदाभजी आणली, त्याच्या बायकोनं भाकरी थापल्या, आणि पत्र्याखाली बसून सगळ्या जेवल्या. जेवताना आत्यानं दत्ताला सांगितलं, यांच्या तिकिटाचं पैसं परत दे. दत्ता म्हणाला, समितीचा नियम आहे. आत्या म्हणाली, इर्जिकीला आलेल्या मानसाकडनं तिकीट घेत्यात व्हय? दत्तानं एकदा खाचराकडं बघितलं. मग मुकाट्यानं पैसे काढून दिले. मंदाताई घेत नव्हत्या, आत्यानं त्यांच्या मुठीत कोंबले. संध्याकाळी जीप गेली तेव्हा खाचर हिरवं झालं होतं, वाकडंतिकडं, पण हिरवं. मुरमाचा विषय परत कुणी काढला नाही.

मला वाटलं, संपलं. गोड झालं. पण आत्याचं तिथून सुरू झालं.

आठवड्याभरात तिचा फोन. त्या बायांचं फेडायचं कसं? मी म्हटलं, आत्या, त्या मजा करायला आल्या होत्या. ती म्हणाली, त्येंनी माझं शेत लावलं. मी म्हटलं, तू जेवायला घातलंस की. ती म्हणाली, ते तर घालायचंच असतं. कापणी झाली, नवा तांदूळ झाला, तिनं माझ्याकडून मंदाताईंना पिशवी भरून तांदूळ पाठवला. मी म्हटलं, आता तरी झालं? ती म्हणाली, तांदूळ भेट झाली, काम कुटं झालं? माझ्याच आत्याचा मला राग यायला लागला. शहरातल्या बायांना सांगू तरी काय, की आमची आत्या तुमच्याकडं राबायला येऊ बघतेय? शेवटी दिवाळीनंतर मी तिला घेऊन चिंचवडला गेले.

लिफ्टमध्ये तिनं माझा दंड घट्ट धरला. मंदाताईंनी मिठी मारली, चहा केला, फराळ पुढं ठेवला. आत्या सोफ्याच्या कडेला टेकून बसली आणि घरभर बघत राहिली. मग म्हणाली, काम दावा. मंदाताई हसल्या. त्यांना वाटलं, चेष्टा. आत्या उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासून पालथी घातलेली होती. कपडे मशीनमध्ये फिरत होते. फरशी बाईनं पुसली होती. आत्या त्या चकचकीत ओट्यापाशी हात लोंबते सोडून उभी राहिली, आणि तिचा चेहरा मला बघवेना. तिच्या दोन हातांना त्या घरात करण्यासारखं काहीच नव्हतं. शेवटी तिला मेथीची जुडी दिसली. तिनं ती जवळजवळ झडप घालून घेतली आणि खाली फतकल मारून निवडायला बसली. मंदाताईही तिच्यासमोर बसल्या.

"तुजं शेत हाय का कुटं?" आत्यानं मेथी निवडता निवडता विचारलं.

"आहे ना. बापानं माझ्या नावानं ठेवलंय थोडं. पण भाऊ पुण्यात, मी इथं. कोण लावणार? बांध सगळे फुटलेत. पडून आहे."

"मग तितं फेडीन मी. तू लाव म्हनलीस की येनार."

मंदाताई माझ्याकडं बघून हसायला लागल्या, आणि अर्ध्यावर थांबल्या. हातातली काडी तशीच राहिली. मग म्हणाल्या, बोलवते.

त्यानंतरचे पावसाळे मला सलग आठवत नाहीत, सगळे एकमेकांत शिरलेत. मंदाताई दर आवणीला दोघी-तिघींना घेऊन आत्याच्या खाचरात येत राहिल्या. बांबूपाशी आल्या की दत्ता स्वतः उठून बांबू वर करतो. मध्यंतरी त्यानं फलकावर एक नवी ओळ रंगवली, आवणीचा अनुभव, वेगळं तिकीट. लोक पैसे भरून चिखलात उतरतात, फोटो काढतात, वर जातात. आत्यानं आपल्या खाचरात त्यांना उतरू दिलं नाही. दत्ता चिडला, मग हसला, मग त्यानं शेजारचं खाचर त्यासाठी घेतलं. चालायचंच. मंदाताईंचं येणं मात्र आत्याच्या मनावर ओझं होत चाललं. एका वर्षाचं फिटलं नाही तोवर दुसऱ्याचं चढलं. पाऊस लागला की ती मला फोन करायची, त्या बाईचा निरोप आला का? एका वर्षी मंदाताईंचे भाऊ नको म्हणाले. एका वर्षी बांध घालायला माणूस मिळेना. एका वर्षी त्यांनाच बरं नव्हतं. आणि इकडं आत्याचे गुडघे. दर वर्षी ती जरा कमी वाकते, जरा लवकर बांधावर जाऊन बसते.

माझा जुलैचा ताप तो हा. पाऊस पडायला लागला की मी मोबाईलकडं बघते, मग आभाळाकडं, मग परत मोबाईलकडं. आत्याचे हात रिकामे राहून जायचे नाहीत ना, ही एकच धास्ती. इतकी साधी गोष्ट आहे ती. म्हातारीला एकदा एका बाईचं शेत लावून द्यायचंय. ह्या एवढ्या पाण्यात, एवढ्या गर्दीत, एवढ्या लोकांना हवं ते मिळतं. हिला हे मिळू नये?

या शनिवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एक जण विचारत होता, तिकीट ऑनलाइन मिळतं का, दुसऱ्याला बँडेज हवं होतं, आणि फोन वाजला. मंदाताई म्हणाल्या, बांध घातले, चिखलणी झाली, रोप तयार आहे. उद्या येता का दोघी? मी तिकीट विचारणाऱ्याला बँडेज दिलं आणि बँडेजवाल्याला धबधब्याचा पत्ता सांगितला. नवरा गल्ल्यावरून नुसता बघत राहिला. मग म्हणाला, जा, मी बघतो.

रविवारी पहाटे आत्या दुधाच्या गाडीतून खाली आली. बरोबर आवणीत पाठीवर घ्यायचं तिचं जुनं इरलं, बांबूच्या कामट्यांचं, वर निळा कागद बांधलेलं. ते माझ्या गाडीच्या डिकीत मावेना, मागच्या सीटवर ठेवलं. गुडघ्याला लावायचं मलम मी आठवणीनं घेतलं. जुन्या हायवेनं निघालो तर समोरून गाड्याच गाड्या, सगळं पुणं लोणावळ्याकडं निघालेलं. आमची बाजू मोकळी होती. आत्या त्या गाड्यांकडं बघत होती. तिला कामाची चिंता लागली होती, गुडघं साथ देतील का, तिथलं रोप उंच असतं का ठेंगणं, त्यांच्यात ओळ डावीकडनं धरतात का उजवीकडनं. कात्रजचा बोगदा आला, गेला. भोर मागं पडलं. डोंगर जवळ आले, कड्यांवरून पांढऱ्या रेघा उतरताना दिसायला लागल्या, आणि आत्या सीटवर पुढं सरकून बसली.

मंदाताईंच्या गावाच्या तोंडाशी रस्त्यात बांबू आडवा होता. पत्र्याची शेड, रंगवलेला फलक, आमच्यापुढं दोन-तीन गाड्या. या गावालाही धबधबा आहे, हे आम्हाला मंदाताईंनी कधी सांगितलं नव्हतं. त्यांना वेगळं सांगण्यासारखं वाटलं नसेल. रेनकोट घातलेली एक बाई तिकिटं फाडत होती. आमची पाळी आली. किती जण, तिनं विचारलं. मी काच खाली केली आणि पर्समध्ये हात घातला.

आत्यानं माझा हात धरला.

"आमी बघाया न्हाई आलो, बाई," ती खिडकीकडं वाकून म्हणाली. "इर्जिकीला आलोय."

ती बाई थांबली. तिनं आत्याकडं बघितलं, मग मागच्या सीटवरच्या इरल्याकडं. आमच्या मागच्या गाडीनं हॉर्न दिला. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. तिकिटांचा गठ्ठा खुर्चीवर ठेवला, बांबूच्या टोकाला बांधलेली दोरी सोडली, आणि तो वर जात असताना विचारलं,

"कुनाच्या?"

"धोंडूआबांच्या मंदीच्या," आत्या म्हणाली, आणि दोन्ही हातांनी पदर खोचायला लागली.